कॅलिबरचं भांडण पुरे, आता पिळाचं बोला

माजी सैनिकांच्या कुठल्याही मेळाव्यात रायफलचा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "७.६२ ती ७.६२. एसएलआरची गोळी लागली की माणूस जागेवर बसायचा." दुसरा म्हणतो, "५.५६ हलकी आहे, दुप्पट राऊंड उचलता येतात, जमाना तिचा आहे." वाद चहाबरोबर सुरू होतो आणि जेवण झालं तरी मिटत नाही. मी तो वीस-पंचवीस वर्षं ऐकतोय. एक प्रश्न मात्र त्यात फार क्वचित कानावर पडला: त्या बॅरलला पीळ किती आहे, आणि तिच्यात आपण घालतोय ती गोळी किती लांब आहे?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. कॅलिबर हे रायफलचं फक्त आडनाव आहे. ती कशी वागेल हे पीळ आणि गोळी यांच्या जोडीवर ठरतं. ही जोडी एका कागदावर, एका वेळी आणि एका जबाबदारीखाली ठरली पाहिजे. आपण मात्र रायफलबद्दल एकीकडे भांडतो आणि काडतुसाचा विचार दुसरीकडे करतो. या सवयीची किंमत मोजतो तो रेंजवरचा, आणि पुढे चौकीवरचा जवान.

(या लेखात गोपनीय काही नाही. सगळं खुल्या पुस्तकांत आहे आणि शस्त्र-प्रशिक्षणाच्या वर्गात शिकवता येईल असंच आहे.)

भोवरा आणि गोळी

बॅरलच्या आत मळसूत्री खाचा असतात. गोळी त्यांतून जाताना स्वतःभोवती फिरू लागते. एक पूर्ण फेरा व्हायला बॅरलची जेवढी लांबी लागते, तो तिचा पीळ. 'एकास बारा' म्हणजे बारा इंचांत एक फेरा, 'एकास सात' म्हणजे सात इंचांत एक. आकडा लहान, तेवढा पीळ घट्ट. एकास सात पिळाच्या बॅरलमधून सेकंदाला ९४० मीटर वेगाने निघालेली गोळी मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेत असते.

एवढं गरगरायचं कशासाठी? ज्याने लहानपणी भोवरा फिरवलाय त्याला हे फळ्यावर समजवायला नको. बुटका, ढेरपोट्या भोवरा थोड्या गतीवरही उभा राहतो. उंच, सडपातळ भोवऱ्याला गती जास्त लागते, नाहीतर तो लटपटतो आणि आडवा होतो. गोळीचंही तेच. बुटक्या गोळीला सैल पीळ चालतो, लांब गोळीला घट्ट पीळ लागतो. एनसीसीची मुलं ज्या .२२ रायफलने नेमबाजी शिकतात, त्या जातीच्या रायफलींना जगभर साधारण एकास सोळा पीळ असतो. ४० ग्रेनच्या त्या बुटक्या शिशाच्या गोळीला तेवढा पुरतो. (ग्रेन म्हणजे गोळीचं वजन मोजायचं जुनं माप. सोनाराची एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन.)

इथे एक घोळ होतो. सगळे म्हणतात, "भारी गोळीला घट्ट पीळ लागतो." बोलायला सोपं म्हणून ठीक आहे, पण खरं कारण वजन नाही, लांबी आहे. कॅलिबर ठरलेलं असलं की गोळी जाड करता येत नाही, म्हणून वजन वाढवायचं तर लांबी वाढवावी लागते. वजन आणि लांबी एकत्र वाढतात म्हणून आपण कारणाचं श्रेय वजनाला देतो. पुरावा हवा असेल तर नाटोच्या ५.५६ च्या दोन गोळ्या शेजारी ठेवा. साधी एसएस-१०९ गोळी ६२ ग्रेनची. तिच्या जोडीची अमेरिकन ट्रेसर एम-८५६ सुमारे ६४ ग्रेनची. वजनात फरक जेमतेम दोन ग्रेनचा. पण ट्रेसरच्या पोटात शिशाऐवजी हलकं जळणारं मिश्रण असतं, त्यामुळे ती बरीच लांब आहे. साध्या गोळीचं एकास नऊवर छान भागतं, ट्रेसरला एकास सात लागतो. अमेरिकेने एम-१६ए२ ला एकास सात पीळ दिला तो मुख्यतः या ट्रेसरसाठी.

म्हैसूर ते वुलिच

सध्या मी म्हैसूरला आहे, आणि या विषयावर लिहायला याहून योग्य गाव सापडणार नाही. हैदर-टिपूच्या फौजेचे लोखंडी नळीचे अग्निबाण इथलेच. १७८० साली पोल्लिलूरला इंग्रजांनी त्यांचा चांगलाच मार खाल्ला. त्या बाणांना पीळ नव्हता. त्यांना सरळ ठेवायला मागे लांब बांबू किंवा तलवारीचं पातं बांधत. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हे बाण इंग्लंडला गेले. लंडनजवळच्या वुलिचच्या शस्त्रशाळेत विल्यम काँग्रीव्हने त्यांच्यावरून आपले रॉकेट बनवले. तेही काठीवाले, आणि भरकटण्यासाठी बदनाम. शेवटी १८४४ मध्ये विल्यम हेल या इंग्रजाने काठी काढून टाकली आणि बाहेर पडणारा वायू तिरका सोडून रॉकेटलाच गरगर फिरवलं. लांब वस्तू हवेतून सरळ न्यायची तर तिला शेपूट द्या, नाहीतर फिरवा. तिसरा मार्ग नाही.

त्याच वुलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिलने १८७९ मध्ये पिळाचं सूत्र मांडलं. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. उत्तर म्हणजे इंचांतला पीळ. आजच्या वेगवान गोळ्यांना १५० ऐवजी १८० घेतात. ५.५६ च्या गोळीचा खरा व्यास ०.२२४ इंच. एसएस-१०९ ची लांबी सुमारे ०.९ इंच, म्हणजे उत्तर येतं दहाच्या आसपास. ट्रेसरची लांबी सुमारे १.१५ इंच, उत्तर येतं आठाच्या आत. दहावीच्या मुलाला जमेल असं हे गणित आहे. सूत्र ढोबळ आहे, आज याहून चांगली आहेत, पण घोडचूक टाळायला एवढं पुरतं.

ज्यांनी जोडी मोडली त्यांचं काय झालं

पहिला दाखला अमेरिकेचा. एम-१६ सुरुवातीला एकास चौदा पिळाची होती. ५५ ग्रेनची गोळी तिच्यात कशीबशी स्थिर राहायची. अतिथंड हवेत चाचणी झाली तेव्हा घट्ट हवेत गोळ्या भरकटल्या, आणि १९६३ मध्ये पीळ एकास बारा करावा लागला. हा धडा चाचणीतच मिळाला म्हणून स्वस्तात मिळाला. पुढचा महाग पडला. रायफल एका दारूवर घडवली होती आणि काडतुसात भरली गेली दुसरीच दारू. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, सफाईचं सामान पुरेसं दिलेलं नव्हतं. व्हिएतनाममध्ये रायफली अडकल्या, जवान मेले, आणि १९६७ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीला चौकशी करावी लागली. रायफल ठरवणारे आणि काडतूस ठरवणारे वेगवेगळ्या दिशांना चालत होते, याची ती किंमत.

दुसरा दाखला आपल्या ओळखीचा. ड्रॅगुनॉव्ह ही आपल्या स्नायपरने वर्षानुवर्षं वापरलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल. मूळ रायफलचा पीळ ३२० मिलिमीटरला एक फेरा, स्नायपरच्या खास गोळीसाठी निवडलेला. पण त्यातून चिलखतभेदी आग्या गोळीही झाडायची होती. ती लांब, म्हणून ३२० मध्ये नीट स्थिर होईना. सत्तरच्या दशकात रशियनांनी पीळ २४० केला. लांब गोळी सुधारली, पण स्नायपरच्या गोळीची अचूकता घटली. कारण घट्ट पीळ फुकट मिळत नाही. गोळी जितकी जास्त फिरते, तितकी तिच्या घडणीतली खोट मोठी होऊन दिसते. तांब्याचं कवच एका बाजूला केसभर जाड असलं की घट्ट पीळ ती चुगली टारगेटवर जाऊन करतो. रशियनांनी काय मिळवायचं आणि काय सोडायचं ते जाणून ठरवलं. कुणाला तो निर्णय पटो न पटो, तो पीळ आणि गोळी समोरासमोर ठेवून घेतला गेला.

तिसरा दाखला जोडी जुळवली तर काय होतं याचा. ५.५६ मध्येच ७७ ग्रेनची लांब गोळी घालून अमेरिकन स्पेशल फोर्सेसनी एमके-२६२ हे काडतूस वापरात आणलं. एकास सात पिळात ही गोळी सुरेख चालते, एकास बारामध्ये टारगेटवर आडवी जाईल. हवेचा अडथळा कापण्यात ती ७.६२ च्या साध्या बॉल गोळीच्या जवळपास पोचते. ५.५६ चा एक राऊंड साधारण १२ ग्रॅम, ७.६२ बाय ५१ चा साधारण २४. शंभर राऊंडमागे सव्वा किलोच्या आसपास वजन वाचतं. पंधरा हजार फुटांवर पाठीवर ते वाहिलंय त्याला सव्वा किलो म्हणजे काय ते मी सांगायची गरज नाही.

मेळाव्यातली तीन विधानं

आता सीनियर मंडळींचा पूर्ण मान राखून तीन गोष्टी खोडतो.

एक: "५.५६ मारत नाही, फक्त जखमी करते. एक जखमी झाला की दोघे त्याला उचलायला अडकतात, म्हणून ती मुद्दाम तशी बनवली." हे वाक्य आपल्याकडे बराकीपासून मेसपर्यंत पाठ आहे. ५.५६ आली ती वजन, कमी धक्का आणि जास्त राऊंड यांच्या हिशेबातून. वेगात असताना ही गोळी शरीरात आडवी होते, फुटते आणि भयानक जखम करते. वेग उतरला की ते होत नाही. म्हणजे प्रश्न अंतर, बॅरलची लांबी आणि गोळीच्या घडणीचा आहे.

दोन: "पीळ सैल ठेवला की गोळी शरीरात गिरकी घेते, म्हणून सैल पीळ जास्त घातक." शरीर बहुतांश पाणी आहे, आणि पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट. तिथे गोळीला सरळ ठेवील असा पीळ कुठल्याच रायफलला देता येत नाही. सैल असो की घट्ट, टोकदार गोळी आत गेल्यावर आडवी होणारच. सैल पिळाने फक्त हवेतली स्थिरता जाते, म्हणजे गोळी हव्या त्या माणसाला लागतच नाही.

तीन: "पन्नास मीटरवरच्या चकमकीत हा पीळबीळ कोण बघतो?" या आक्षेपात दम आहे. गल्लीत, घरात, मक्याच्या शेतात एके चांगली ती चांगलीच. तिचा पीळ आणि तिची १२३ ग्रेनची गोळी यांचं जुळवून ठेवलेलं आहे, म्हणूनच ती आपल्याला पिळाचा विचार करायला लावत नाही. पण जोडी चुकली तर पन्नास मीटरही लांब पडतात. अस्थिर गोळी पंचवीस मीटरच्या टारगेटवरच आडवी उमटते. गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखा लांबट छेद दिसतो. तो दिसला की फायररला शिव्या घालू नका, आधी बॅरल आणि राऊंड बघा.

हवा बघून बोला

आपल्याकडे असा समज आहे की रायफल उंचीवर आणि बर्फात पास झाली म्हणजे सगळीकडे पास झाली. तेल गोठणं, मॅगझिन तडकणं यांच्यासाठी ते बरोबर आहे. कारगिलमध्ये इन्सासबद्दलच्या तक्रारी अशाच होत्या, आणि त्यांतली एकही नुसतं कॅलिबर मोठं करून सुटली नसती. गोळीच्या स्थिरतेसाठी मात्र हिशेब उलटा आहे. हवा जितकी दाट, तितकी गोळीला उलथवायची तिची ताकद जास्त. द्रासला उणे वीस असलं तरी उंचीमुळे हवा विरळच असते. खरी परीक्षा जानेवारीच्या पहाटे पंजाबच्या मैदानात. म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून उंच आणि हवा उबदार. पंजाबातली ती गार हवा इथल्यापेक्षा सुमारे सोळा-सतरा टक्के दाट भरते. स्थिरतेचा एक गुणांक असतो. तो एकच्या खाली गेला की गोळी गडगडते, आणि निर्धास्त राहायला तो दीडच्या आसपास हवा. इथे ज्या जोडीचा गुणांक १.१५ आहे ती इथल्या रेंजवर काठावर पास होईल. तीच जोडी फिरोजपूरच्या धुक्यात एकच्या खाली जाईल. म्हणून चाचणीचा कागद वाचताना "कुठे" आणि "किती तापमानाला" हे दोन रकाने आधी बघावेत.

आपला कागद कुठे चुकतो

इन्सास पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीईने घडवली. २०११ मध्ये आपण एकाच रायफलला दोन कॅलिबरच्या बॅरल मागणारी निविदा काढली आणि २०१५ मध्ये ती रद्द केली. २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ घेतल्या, ७.६२ बाय ५१ च्या. अमेठीजवळच्या कोरव्यात एके-२०३ सुरू झाली, ७.६२ बाय ३९ ची. जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईने 'उग्रम' दाखवली, पुन्हा ७.६२ बाय ५१. या प्रत्येक टप्प्यावर वर्तमानपत्रांत आणि आपल्या ग्रुपवर कॅलिबरचा आकडा ठळक छापला गेला. गोळी किती ग्रेनची, किती लांब, बॅरलचा पीळ किती, हे मी एकाही मथळ्यात वाचलेलं नाही.

त्यात एक घडी अजून पडली. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. रायफली करणारे कारखाने कानपूरच्या कंपनीकडे गेले. काडतुसं करणारे, म्हणजे आपली खडकी आणि वरणगाव, पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. वेगळ्या कंपन्या, वेगळे ताळेबंद. कारखाने जोमाने चालावेत म्हणून हे केलं असेल, त्याला माझा विरोध नाही. पण पूर्वी निदान एका छपराखाली असलेले बॅरल आणि गोळी आता वेगळ्या घरी नांदतात. लग्न टिकवायची जबाबदारी कुणाची, हे कुठेतरी लिहिलेलं हवं.

अमेरिकेने व्हिएतनामचा धडा पचवला हे त्यांच्या नव्या खरेदीत दिसतं. २०२२ मध्ये त्यांनी ६.८ मिलिमीटरची नवी रायफल निवडली. सरकारने आधी गोळी ठरवून दिली, आणि कंपन्यांना सांगितलं की हिच्याभोवती काडतूस आणि रायफल दोन्ही एकत्र आणा. कॅलिबरची ती निवड मला पटते असं नाही. क्रम मात्र पटतो: आधी गोळी, मग पीळ, मग बाकीची रायफल.

सिग आपल्याकडे आलीच आहे. तिच्या ताकदीच्या रायफलीतून १७५ ग्रेनची लांब गोळी नीट जाते. तिला नेहमीची साडेनऊ ग्रॅमची बॉल गोळीच देत राहिलो, तर जड रायफल आणि दुप्पट वजनाचे राऊंड वाहून मिळवलेला फायदा आपण रेंजच्या बटावर सोडून येतो. आणि उद्या कुणी उत्साहाने भारी गोळी जुन्या, सैल पिळाच्या बॅरलला दिली, तर उलटा घोटाळा होईल.

माझ्या मागण्या चार आहेत. रायफलच्या गरजांच्या कागदावर कॅलिबरच्या शेजारी गोळीचं वजन, गोळीची लांबी आणि पीळ लिहिला जावा. चाचणी साध्या गोळीने आणि ट्रेसरने, दोन्हींनी व्हावी, आणि मैदानातल्या थंडीत व्हावी. बॅरलवर पीळ कोरलेला असावा आणि राऊंडच्या पेटीवर गोळीचं ग्रेन आणि लागणारा पीळ छापलेला असावा. परदेशी बॅरलवर तो कोरलेला असतो, आपल्याला शाई महाग नाही. आणि नवी गोळी स्वीकारताना रायफलवाले व काडतूसवाले यांची एकाच कागदावर सही असावी. यातल्या एकाही मागणीला परदेशी चलन लागत नाही.

कुणी म्हणेल, हे इंजिनिअरचं काम आहे, आपण सैनिक. गरजांचा कागद सैनिकच लिहितो, साहेब. इंजिनिअर मागितलेलं देतो. आपण "७.६२ द्या" एवढंच मागितलं तर तो तेवढंच देणार.

पुढच्या मेळाव्यात वाद घालाच, त्याशिवाय चहाला चव नाही. फक्त कुणी "माझी रायफल भारी" म्हणाला की त्याला पीळ विचारा. माहीत नसेल तर त्याच्या युनिटच्या आर्मररला विचारायला सांगा. रायफल खाली करून, तपासून, सफाईच्या फिरत्या सळईला घट्ट चिंधी लावायची, सळईवर खूण करायची, आत सरकवत तिचा एक पूर्ण फेरा होऊ द्यायचा आणि सरकलेलं अंतर पट्टीने मोजायचं. दोन मिनिटांचं काम आहे. त्यानंतर कॅलिबरबद्दल जे बोलायचं ते बोला, मी ऐकायला बसतो.